पॉइंट की इलेक्ट्रॉनिक? जुन्या गाडीच्या ठिणगीचा इतिहास

जुन्या गाड्या बाळगणारे दोघं भेटले की काही वाद ठरलेले असतात. रंग मूळचा की नवा, टायर कुठले, आणि तिसरा, आजचा आपला विषय: डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट ठेवायचे की काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं? एक म्हणतो, "पॉइंट म्हणजे कटकट, दर दोन महिन्यांनी कॅप उघडा." दुसरा म्हणतो, "पॉइंट रस्त्यात नीट करता येतात, तुझी ती डबी मेली की गाडी टोइंगवर." दोघांचंही खरं आहे, म्हणून हा वाद संपत नाही.

मी आज यात पंच म्हणून उभा नाही. मला या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे, कारण तो पाहिला की प्रश्नच जरा बदलतो. इंजिनात ठिणगी पाडायच्या प्रत्येक पद्धतीत एक गृहीत दडलेलं असतं: गाडीच्या शेजारी कोण उभं आहे? ती कोण सांभाळणार आहे? हे गृहीत बदललं तेव्हा पद्धत बदलली. आपली निवडही शेवटी तिथेच येऊन थांबते.

अगदी सुरुवातीला जाऊ. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं मिश्रण दाबलं जातं आणि ते नेमक्या क्षणी पेटवावं लागतं. जरा आधी पेटलं तर इंजिन ठोकतं, उशिरा पेटलं तर ताकद वाया जाते. डाइमलरच्या सुरुवातीच्या इंजिनांत यासाठी तापलेली नळी असायची. बाहेरून बर्नरने नळी लाल करायची, मिश्रण तिच्यात दाबलं गेलं की पेटायचं. पण कधी पेटणार यावर कुणाचा फारसा ताबा नव्हता. त्यामुळे इंजिन हळू फिरायचं. कार्ल बेंझने १८८६च्या आपल्या तीनचाकीला बॅटरी आणि गुणगुणणारी कॉइल लावली. विजेची ठिणगी होती, पण वेळेचा नेमकेपणा अजून यायचा होता.

तो आणला फ्रान्समध्ये दे दियों आणि बुताँ यांच्या कारखान्याने, १८९५च्या सुमारास. जॉर्ज बुताँने आपल्या छोट्या इंजिनाला बॅटरी, कॉइल आणि कॅमवर उघडझाप करणारा संपर्क लावला. कॅम फिरतो, ठरलेल्या जागी संपर्क तुटतो, त्याच क्षणी ठिणगी. इतरांची इंजिनं मिनिटाला सातशे-नऊशे फेऱ्यांवर दमत होती, तेव्हा हे इंजिन दीड हजारांच्या वर सहज फिरत होतं. आपले आजचे पॉइंट हे त्या संपर्काचेच वंशज आहेत. तेव्हाच्या संपर्काच्या टोकांना प्लॅटिनम असायचं. पुढे प्लॅटिनम जाऊन टंगस्टन आलं, पण फ्रेंच माणूस आजही पॉइंटना प्लॅटिनमचे स्क्रू म्हणतो, आणि आपल्याकडचे जुने मिस्त्रीही "प्लॅटिनम पॉइंट" म्हणतात. धातू गेला, नाव राहिलं.

आता लक्षात घ्या, त्या काळी बॅटरी हाच दुबळा भाग होता. गाडीवर ती चार्ज करायची सोय नव्हती. ती बसली की प्रवास संपला. म्हणून श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशचा मॅग्नेटो आला. १८९७ मध्ये तो दे दियोंच्याच एका तीनचाकीवर बसवला गेला, आणि १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग तयार केला. मॅग्नेटोला बॅटरी लागतच नाही. चुंबक फिरतो आणि स्वतःच वीज तयार करतो. पुढची कित्येक वर्षं चांगल्या गाडीला मॅग्नेटोच असायचा. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत आजही तोच असतो, कारण तिथे बॅटरीवर विसंबून चालत नाही.

मग मॅग्नेटो मोटारीतून का गेला? तो वाईट होता म्हणून नव्हे. ओहायोतल्या डेटन गावात चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर होता. गल्ल्याच्या मशीनला विजेची मोटर लावून त्याने नाव काढलं होतं. त्याच्या डेल्को कंपनीने कॅडिलॅकसाठी बॅटरीवर चालणारं इग्निशन केलं, आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला. हँडल मारायचं संपलं. स्टार्टर आला म्हणजे मोठी बॅटरी आली, ती चार्ज करायला डायनामो आला, विजेचे दिवे आले. आणि एकदा गाडीत बॅटरी आहेच म्हटल्यावर वेगळा महागडा मॅग्नेटो कशाला? बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर ही स्वस्त जोडणी पुढची साठ वर्षं जगभर चालली. इतिहासात हे वारंवार दिसतं: एखादी वस्तू हरते ती तिच्या दोषाने नव्हे, तिच्या आजूबाजूचं जग बदलल्यामुळे.

ही जोडणी चालते कशी, ते थोडक्यात बघू, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलच्या जाड वेटोळ्यातून तीन-चार अँपिअर करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कॅमचा उंचवटा आला की पॉइंट उघडतात, करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं, आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब उठतो. रोटर तो योग्य प्लगकडे पाठवतो. कंडेन्सरचं काम काय? पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी पडू नये आणि करंट झटक्यात तुटावा. कंडेन्सर गेला की पॉइंट जळतात आणि प्लगला ठिणगी पोचत नाही.

आता यातल्या श्रमाचा हिशेब करू. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर मिनिटाला सहा हजार ठिणग्या लागतात. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा पॉइंट उघडतात आणि मिटतात. ताशी साठच्या वेगाने पाच हजार किलोमीटर गेलात तर सुमारे तीन कोटी वेळा. आणि फट किती? लुकास जातीच्या डिस्ट्रिब्युटरला ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे जेमतेम ०.४ मिलिमीटर.

हे चालताना दोन गोष्टी झिजतात. एक, टंगस्टनची टोकं. एका टोकाचा धातू उडून दुसऱ्यावर जातो, इकडे खड्डा आणि तिकडे टेकाड तयार होतं. दोन, कॅमवर घासणारी फायबरची टाच. ती झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. हे इतकं हळूहळू होतं की चालवणाऱ्याला कळतच नाही. गाडी "जरा जड" वाटते, पेट्रोल जास्त खाते, आणि एक दिवस सकाळी स्टार्टच होत नाही.

आता माझा मुद्दा. या रचनेत एक माणूस गृहीत धरलेला आहे. दर काही हजार किलोमीटरला कुणीतरी कॅप उघडेल, पॉइंटवरून कानस किंवा पॉलिश पेपर फिरवेल, फिलर गेज घालून फट लावेल, बारा व्होल्टचा एक दिवा जोडून तो नेमका कधी पेटतो ते बघत टायमिंग लावेल. गेज नसेल तर जाड व्हिजिटिंग कार्ड घालून वेळ भागवेल. या माणसाशिवाय पॉइंट ही अपुरी वस्तू आहे. तो होता तोवर ती उत्तम चालली.

मग इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं ते कुठून? डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला. करंट तोडायचं काम धातूच्या दोन टोकांऐवजी ट्रान्झिस्टर करू शकेल, हे इंजिनिअर मंडळींना लवकरच दिसलं. १९६३च्या मॉडेलांवर पाँटियाकने ट्रान्झिस्टर इग्निशन जादा पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली. पण ग्राहक त्यावर तुटून पडला नाही. महाग होतं, सुरुवातीचे ट्रान्झिस्टर उष्णतेपुढे टिकाव धरत नव्हते, आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला पॉइंट दुरुस्त करता येत होते, ही डबी येत नव्हती.

मग दहा वर्षांत असं काय झालं की अमेरिकेत पॉइंट जवळजवळ नाहीसे झाले? कायदा झाला. १९७०च्या स्वच्छ हवा कायद्याने कंपन्यांना सांगितलं की गाडीचा धूर नवी असताना नियमात असून भागणार नाही, पाच वर्षं किंवा पन्नास हजार मैल तो नियमात राहिला पाहिजे. आता पॉइंट तर दहा-बारा हजार मैलांत बदलायला येतात. मधल्या काळात टायमिंग सरकतं, एखादी ठिणगी चुकते, न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं. १९७५च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, तेव्हा तर हे चुकणं फारच महाग पडू लागलं, कारण न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याला भाजून काढतं. मालक गाडी वेळेवर गॅरेजला नेईलच, याची हमी कंपनी कशी देणार? म्हणून क्रायस्लरने १९७३च्या मॉडेलांवर इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिलं आणि जनरल मोटर्सने १९७५ मध्ये.

बघा, इथे गृहीत उलटं झालं. पॉइंटच्या रचनेत मिस्त्री गृहीत होता. नव्या रचनेत असं धरलं की बॉनेट कुणी उघडणारच नाही, आणि भाग बिघडलाच तर दुरुस्त न करता बदलला जाईल, आणि तो बदली भाग कंपनी पुरवेल. यातलं शेवटचं वाक्य जुन्या गाडीवाल्याने अधोरेखित करून ठेवावं.

आणि हे नवं तंत्र जन्मतःच निर्दोष होतं असंही नाही. जॅग्वारच्या १९७१च्या बारा सिलिंडरच्या ई-टाइपमध्ये लुकासचं ओपस नावाचं इग्निशन होतं. त्याचा डबा इंजिनाच्या दोन फळ्यांमधल्या खोबणीत, सगळ्यात तापणाऱ्या जागी बसवला होता. व्हायचं तेच झालं, उष्णतेने तो दगा देऊ लागला. क्रायस्लरच्या गाड्यांत मूळ इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा त्याच्या जोडीचा चिनी मातीचा बॅलास्ट रेझिस्टर जळायचा. जाणकार मालक एक सुटा रेझिस्टर गाडीत टाकून ठेवायचे.

आता आपल्याकडे येऊ. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला १९५४ मध्ये फियाट ११०० बनवायला घेतली. १९६४ मध्ये ११००डी आली, आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी नावाने रस्त्यावर दिसू लागली. शतक संपेपर्यंत ती बनत होती. इकडे अँबॅसिडरचीही तीच कथा. अमेरिकेत १९७५ मध्ये पॉइंट निवृत्त झाले, आणि आपल्याकडे त्यानंतरही वर्षानुवर्षं नव्याकोऱ्या गाड्या पॉइंट घेऊन कारखान्यातून बाहेर पडत होत्या.

आपण याला सरसकट मागासलेपण म्हणतो. त्यात तथ्य आहे: स्पर्धा नव्हती, आयातीवर निर्बंध होते, आणि पेट्रोल गाड्यांच्या धुराचे नियम देशात १९९१ मध्ये आले. कन्व्हर्टर चार महानगरांत १९९५ मध्ये. म्हणजे ज्या कायद्याने अमेरिकेत पॉइंट घालवले तसा कायदाच इथे नव्हता. पण दुसरी बाजूही आहे. पॉइंटला लागणारा तो माणूस आपल्याकडे भरपूर होता. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी दिवसभर धावायची आणि तिच्यासाठी नाक्यानाक्यावर सीबी पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर विकणारं दुकान आणि ते बसवणारा हात होता. बऱ्याच टॅक्सीवाल्यांना ते स्वतःलाच येत होतं. पॉइंटचा संच स्वस्त, मजुरी स्वस्त, आणि ज्ञान हातोहात दिलेलं. त्या व्यवस्थेत पॉइंट मागास नव्हते, शहाणपणाचे होते.

ती व्यवस्था आता उठली आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. बातम्यांत सगळ्यांनी गाडीबद्दल हळहळ व्यक्त केली. पण गाडीबरोबर तिच्याभोवतीचा धंदाही जातो, त्याची फारशी बातमी झाली नाही. खप नसेल तर चांगले पॉइंट कोण बनवणार? आज बाजारात मिळणाऱ्या काही संचांची टाच लवकर झिजते, काही नवे कंडेन्सर महिनाभरातच जातात. मग मालक म्हणतो, "पॉइंट म्हणजे कटकट." कटकट पॉइंटची कमी आणि मागची साखळी तुटल्याची जास्त असते.

तर निवड कशी करायची? आता इतिहास हाताशी धरून बोलू.

पहिलं, दोष नेमका कुठे आहे ते बघा. डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर, प्लगच्या वायरी आणि प्लग या गोष्टी दोन्ही पद्धतींत त्याच राहतात. पावसाळ्यात कॅपमध्ये ओल धरत असेल तर इलेक्ट्रॉनिक बसवूनही गाडी मिसिंग करणारच. उलट डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशमध्ये डुलत असेल तर पॉइंटची फट कधीच स्थिर राहणार नाही. इलेक्ट्रॉनिक सेन्सरला त्याचा त्रास कमी होतो, पण खरा उपाय बुश बदलणं हाच.

दुसरं, इलेक्ट्रॉनिक म्हणजे एकच वस्तू नाही. हल्ली जे छोटं मॉड्यूल कॅपखाली बसतं त्यात बहुतेकदा हॉल परिणाम वापरलेला असतो. एडविन हॉलने तो १८७९ मध्ये बाल्टिमोरला शोधला, म्हणजे पॉइंटच्याही आधी. शाफ्टवर चुंबकांची कडी बसते, सेन्सर चुंबक ओळखतो, घासणारं काही नाही. याशिवाय एक मधली वाट आहे, तिच्याकडे फार कमी लोक बघतात: पॉइंट तसेच ठेवायचे, पण जड करंट ट्रान्झिस्टरने तोडायचा. पॉइंटवर अगदी थोडा करंट येतो, त्यामुळे टोकं जळत नाहीत. टाच झिजते, तेवढी बघावी लागते. आणि डबी गेली तर वायरी पूर्वीसारख्या जोडून घरी येता येतं.

तिसरं, मॉड्यूल मरतात ते बहुतेक चुकीच्या जोडणीने. कॉइलचा रोध मॉड्यूलला चालणारा नसणं, इंजिन बंद आणि चावी मात्र चालू राहणं, अर्थ नीट नसणं, बॅटरीची टोकं उलटी लागणं. जुन्या ब्रिटिश घडणीच्या अनेक गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला असतं, आणि कित्येक फार जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या असतात. साध्या बारा व्होल्टच्या, निगेटिव्ह अर्थच्या मॉड्यूलला तिथे जागा नाही. शिवाय स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब फार पडत असेल तर काही मॉड्यूल कामच करत नाहीत. पॉइंट अशा मरतुकड्या बॅटरीवरही बिचारे प्रयत्न करतात.

चौथं, मूळपणाचा प्रश्न. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची सोय झाली. गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नकोत, असं त्यात म्हटलं आहे. कॅपखालच्या चिमुकल्या मॉड्यूलचं काय, हा निर्णय व्यवहारात मालकाच्या विवेकावरच येतो. त्यासाठी ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, फिवाचा, ट्यूरिन चार्टर उपयोगी पडतो. त्यातला विचार सरळ आहे: बदल करावाच लागला तर तो मूळ रचनेचा मान राखणारा आणि शक्यतो मागे घेता येणारा असावा, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत. डिस्ट्रिब्युटरला नवी भोकं पाडून किंवा त्याच्या तबकड्या कापून बसवलेलं इग्निशन या कसोटीला उतरत नाही. दोन स्क्रूंनी बसणारं आणि दोन स्क्रूंनी निघणारं उतरतं.

आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं: तुमच्या गाडीशेजारी कोण उभं आहे? तुम्हाला स्वतःला पॉइंट लावता येत असतील, किंवा लावणारा माणूस फोनच्या अंतरावर असेल, आणि गाडी रविवारी दहा-वीस किलोमीटर फिरत असेल, तर पॉइंट काढायचं काही कारण नाही. वर्षाकाठी दोनदा कॅप उघडणं एवढंच काम आहे. पण घाट ओलांडून लांब जायचं असेल, सोबत जाणकार नसेल, किंवा गाडी आता मुलगी नाहीतर मुलगा चालवणार असेल आणि त्यांना यातलं काही येत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक बसवण्यात कसलाही अपराध नाही. फक्त जुळवून आधीच लावलेले पॉइंट, कंडेन्सर आणि एक स्क्रू-ड्रायव्हर डिकीत ठेवा. मॉड्यूल रस्त्याकडेला दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं. आणि ते बनवणारी कंपनी वीस वर्षांनी असेल का, हे आज कुणी सांगू शकत नाही. टंगस्टनची दोन टोकं आणि एक कॅम मात्र तेव्हाही समजण्यासारखं असेल.

शेवटी एक विनंती. तुम्ही कुठलाही पर्याय घ्या, पण पॉइंट लावायचं काम येणारी जी मंडळी अजून आहेत, त्यांच्याकडून ते एकदा बसून शिकून घ्या. शक्य असेल तर त्यांच्या हाताचा व्हिडिओ करून ठेवा: फट लावताना ते फिलर गेज कसं ओढतात, किती अडकलं म्हणजे बरोबर, दिवा पेटताना डिस्ट्रिब्युटर किती हळू फिरवतात. मॅन्युअलमध्ये फटीचा आकडा मिळतो, पण गेज ओढताना बोटांना काय जाणवायला हवं ते मिळत नाही. गाड्या आपण शेडमध्ये जपतो आहोत, त्यांच्यासोबत हेही जपायला हवं, नाहीतर पन्नास वर्षांनी संग्रहालयात मूळ पॉइंट असलेली पद्मिनी असेल आणि ती चालू करणारं कुणी नसेल.

इथे थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.